घरातील एसी, कूलर, गीझर आणि सौरबंब: देखभाल व नूतनीकरणाबाबत पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसीची सर्व्हिसिंग वर्षातून कधी करून घ्यावी?

पुण्यात 'होळी जळाली, थंडी पळाली' हे अगदी शब्दशः खरे ठरते, आणि होळीनंतरच्या पहिल्याच उकाड्यात सगळे शहर एकाच वेळी मेकॅनिकला फोन करू लागते. त्या गर्दीत एका घरासाठी जेमतेम पंधरा-वीस मिनिटे मिळतात, म्हणून मुख्य सर्व्हिसिंग फेब्रुवारीतच उरकून घ्यावी. ज्या घरांत एसी ऑक्टोबरच्या उन्हातही चालतो, त्यांनी पावसाळा संपल्यावर आणखी एक साफसफाई करून घ्यावी, कारण चार महिन्यांच्या दमटपणात इनडोअरच्या आत बुरशी धरते. गीझर आणि सौरबंबाचे वेळापत्रक याच्या बरोबर उलट असते: त्यांची तपासणी दसऱ्याच्या सुमारास, दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी, झालेली बरी.

फिल्टर आम्ही घरीच धुतो. मग वेगळी सर्व्हिसिंग हवीच का?

हवी. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुणे हे घरच्यांचेच काम आहे, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर आठवड्याला धुवावा. परंतु फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ मागच्या ओल्या कॉइलवर आणि त्याखालच्या लांबट, गोल ब्लोअरवर बसते. मेकॅनिकने पुढचे झाकण काढल्यावर बॅटरी घेऊन ब्लोअरची पाती स्वतः पाहावीत. प्रत्येक पाते आतून थोडे वाकलेले असते आणि हवा ओढण्याचे काम त्या बाकामुळेच होते. तो बाक काळ्या चिकट थराने भरून सपाट झाला असेल, तर मोटर पूर्ण वेगाने फिरत असूनही हवा निम्मीच येते, आणि त्याच थरातून कुबट वासही येतो. अशा वेळी नुसते फुंकर मारणारे यंत्र फिरवून भागत नाही; इनडोअरला प्लॅस्टिकची पिशवी बांधून पाण्याच्या प्रेशरने केलेली जेट सर्व्हिसच लागते. पाणी पीसीबीवर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर, जाऊ नये म्हणून तो आधी झाकायला सांगावे.

इनडोअरमधून पाणी टपकते. मोठा बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नाही. ड्रेन पाइपमध्ये शेवाळासारखा गाळ अडकलेला असतो किंवा पाइपाचा उतार मध्येच उलटा झालेला असतो. पाइप साफ करूनही गळती थांबली नाही, तर कॉइलवर बर्फ धरत आहे का ते पाहावे. त्याची कारणे पुढच्या उत्तरात आली आहेत.

दर उन्हाळ्यात मेकॅनिक 'गॅस कमी आहे' म्हणतो आणि भरून जातो. हे नेहमीचेच आहे का?

नाही, आणि या प्रश्नावर पुणेकरांचे सर्वाधिक पैसे विनाकारण खर्च होतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे तोच फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या बिलाची आजच तरतूद करणे होय.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. थंडावा कमी येणे आणि कॉइलवर किंवा बारीक नळीवर बर्फ दिसणे ही लक्षणे गॅस कमी असल्याची असतात, तशीच ती तुंबलेल्या फिल्टरची आणि मळलेल्या कॉइलचीही असतात. हवा पुरेशी फिरली नाही की गेजवरचा, म्हणजे दाबमापकावरचा, गॅसचा दाबही कमी दिसतो. शिवाय इन्व्हर्टर एसीमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असल्यामुळे केवळ एकदा गेज लावून काढलेला निष्कर्ष भरवशाचा नसतो. म्हणून आधी पूर्ण सफाई, मग तपासणी, हाच क्रम धरावा.

गळती खरोखर असेल, तर योग्य पद्धत अशी: उरलेला गॅस काढून नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरायचा, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे, गळती बुजवल्यावर दाब टिकतो का ते थांबून पाहायचे, नंतर व्हॅक्युम पंप लावून आतील हवा व ओल काढायची आणि शेवटी यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. काटा आणि व्हॅक्युम पंप न आणता आलेल्या माणसाकडून हे काम करून घेऊ नये. गळती बहुधा आउटडोअरजवळच्या पितळी नटांपाशी सापडते, आणि तेथे ती दुरुस्त करणे स्वस्त असते. कॉइललाच बारीक छिद्रे पडली असतील तर मात्र कॉइल बदलण्याचा खर्च विचारून मगच पुढचे ठरवावे.

आमचे आउटडोअर ड्राय बाल्कनीत आहे आणि त्यावर कबुतरे बसतात. याने काही फरक पडतो का?

पुष्कळ फरक पडतो. खोलीतली उष्णता बाहेर टाकणे हेच आउटडोअरचे काम असते. बंदिस्त ड्राय बाल्कनीत त्याने फेकलेली गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा मागच्या कॉइलमध्ये शिरते, आणि बाहेर ३८ अंश असताना यंत्र ४५ अंशांच्या हवेत राबल्यासारखे राबते. अनेक नव्या गृहप्रकल्पांत दर्शनी भाग नीट दिसावा म्हणून आउटडोअरपुढे आडव्या पट्ट्यांची जाळी लावतात. तिच्या फटी अरुंद असतील तर हाच त्रास होतो. पंख्याच्या समोरची बाजू तरी मोकळी राहील असे पाहावे आणि भिंतीपासूनचे अंतर कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे ठेवावे.

कबुतरांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि ती कॉइलच्या पातळ अॅल्युमिनियम फिन्स खाते. काड्यांचे घरटे मागच्या बाजूस अडकले की हवेची वाटच बंद होते. बाल्कनीला जाळी लावून घ्यावी, मात्र यंत्रालाच कापड किंवा ताडपत्री गुंडाळून ते चालवू नये. बाहेर लोंबकळून साफसफाई करणाऱ्या कामगाराला सेफ्टी बेल्ट लावल्याशिवाय उतरू देऊ नये, मग तो कितीही सराईत असो.

एसी जुना झाला आहे. दुरुस्त करावा की बदलावा?

आमचे मत असे: पत्रा, कॉइल आणि कॉम्प्रेसर धड असतील तर केवळ वय झाले म्हणून एसी काढू नये. कपॅसिटर, सेन्सर, पंख्याची मोटर हे भाग बदलणे परवडते. कॉम्प्रेसर गेला असेल, कॉइल जागोजागी गळत असेल किंवा यंत्र आर-२२ गॅसवर चालणारे असेल, तर मात्र त्यावर खर्च करत राहणे योग्य नाही. आर-२२ ओझोनच्या थराला हानी पोहोचवतो आणि १९८७च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

नवा एसी घेताना ताऱ्यांबरोबर लेबलवरचा कालावधीही वाचावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही केंद्र सरकारची संस्था ताऱ्यांचे निकष ठरावीक काळाने कडक करत असते. जुलै २०२२मध्ये ते बदलले तेव्हा आदल्या दिवशीचा पंचतारांकित एसी चार ताऱ्यांवर आला. त्यामुळे दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच तारे आणि नव्या मालावरचे पाच तारे सारखे नसतात. तुलनेसाठी आयसीअर हा हंगामी ऊर्जा कार्यक्षमतेचा आकडा पाहावा, तो जितका अधिक तितके यंत्र काटकसरी. लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडा १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. पुण्यातल्या ज्या घरात एसी एप्रिल-मे महिन्यांत रात्री तीन-चार तासच चालतो, तेथे वापर त्याच्या निम्माही होत नाही, आणि म्हणून तीन तारे व पाच तारे यांच्या किमतीतला फरक वसूल व्हायला बराच काळ लागतो. दिवसभर घरून काम करणाऱ्यांसाठी मात्र पाच तारेच योग्य ठरतात.

नव्या एसीत आर-३२ गॅस असतो. तो पेट घेतो असे ऐकले, हे खरे आहे का?

तो सौम्य ज्वलनशील या वर्गात मोडतो. घरातल्या एसीत त्याचे प्रमाण मर्यादित असल्याने नेहमीच्या वापरात घाबरण्याचे कारण नाही, परंतु दुरुस्तीच्या वेळी गॅस न काढता नळीवर वेल्डिंगची ज्योत धरणे धोक्याचे आहे. आर-४१०ए हा अनेक एसींत असणारा दुसरा गॅस दोन वायूंचे मिश्रण असल्यामुळे गळती झाल्यास तो पूर्ण काढून नव्याने भरणे इष्ट, तर आर-३२ एकच वायू असल्याने त्याला ही अडचण नाही. जागतिक तापमानवाढीच्या दृष्टीने आर-४१०एचा परिणाम आर-३२च्या तिपटीहून अधिक आहे.

किती टनाचा एसी घ्यावा आणि तो किती अंशांवर ठेवावा?

ढोबळमानाने १२० चौरस फुटांपर्यंतच्या खोलीस १ टन आणि १८० चौरस फुटांपर्यंत १.५ टन पुरतो. वरचा मजला, पश्चिमेची भिंत किंवा मोठी काच असेल तर एक पायरी वर जावे. गरजेपेक्षा मोठा एसी मात्र खोली पटकन थंड करून थांबतो आणि हवेतली ओल काढण्यास त्याला वेळच मिळत नाही. तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवून पंखा सावकाश चालू ठेवावा. एक अंश वाढवल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ब्युरोचे सांगणे आहे. १८ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर गार होते, हा समज साध्या एसीबाबत तरी चुकीचा आहे.

पंखाही बदलण्याजोगी वस्तू आहे. जुना पंखा ७० ते ८० वॅट घेतो, तर बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा, पंखा पूर्ण वेगावरही साधारण ३० ते ३५ वॅट. पंखा दिवसातले पंधरा तास फिरतो हे लक्षात घेतले, तर अनेक घरांत एसीच्या आधी पंखे बदलणे अधिक किफायतशीर ठरते.

घराचे वायरिंग जुने आहे. एसी लावण्याआधी काय तपासावे?

पेठांमधली घरे आणि कोथरूड, सहकारनगर परिसरातल्या जुन्या सोसायट्या बांधल्या गेल्या तेव्हा प्रत्येक खोलीत एसी असेल अशी कल्पना नव्हती. १.५ टनाच्या एसीला बोर्डापासून स्वतंत्र, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (प्रवाह जादा झाल्यास आपोआप पडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग द्यावे. एसीचा प्लग एक्स्टेन्शन बोर्डात कधीही लावू नये. प्लगची पिन तपकिरी पडलेली किंवा सॉकेटचे प्लॅस्टिक सुरकुतलेले दिसले, तर तो भाग त्याच दिवशी बदलावा.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. गीझर, एसी आणि इंडक्शन शेगडी मिळून प्रत्यक्ष भार त्याहून अधिक होत असेल तर तो वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा. बिल पाहताना टप्पेही लक्षात ठेवावेत: १००, ३०० आणि ५०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर चढतो, म्हणजे एसीची युनिटे नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातच मोजली जातात. स्टॅबिलायझरबाबत एसीवर लिहिलेली व्होल्टेजची मर्यादा पाहून ठरवावे. सर्वांनाच तो लागत नाही.

पुण्यात कूलर पुरतो का? एसी टाळता येईल का?

अनेक घरांत टाळता येतो, असे आम्ही ठामपणे म्हणतो. पुण्याचा मार्च ते मे हा काळ कोरडा असतो. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ ते ४० अंशांवर जातो, पण हवेत ओल फारच कमी असल्याने पाण्याच्या बाष्पीभवनाने कूलरची हवा दहा-बारा अंशांनी उतरू शकते. मुंबईच्या दमट हवेत हे शक्य नाही. जून लागला की मात्र कूलर आवरून ठेवावा.

कूलर चालण्यासाठी खिडकी उघडी हवी, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. बंद खोलीत ओल साठते, अंग चिकट होते आणि दोष कूलरला दिला जातो. कूलर खिडकीत बसवावा आणि समोरची दुसरी खिडकी किंवा दार वीतभर उघडे ठेवावे. बोअरच्या पाण्याने पॅडवर पांढरे क्षार धरतात, म्हणून हंगामात टाकीतले पाणी वरचेवर बदलावे. वाळ्याचे किंवा काड्यांचे पॅड दरवर्षी, तर हनीकोंब पॅड कडक होऊन झिरपणे थांबले की बदलावे. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करावी, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. एसी रात्रभर लावूनही छत तापलेलेच असते.

स्लॅब दिवसभर उष्णता शोषतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती खाली सोडत राहतो. अशा घरात एसी मोठा करण्याआधी गच्चीवर खर्च करावा. पांढरा परावर्तक रंग, पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा साधा चुना यांनी स्लॅबचे तापणे स्पष्ट कमी होते. चुना दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो, तर वॉटरप्रूफिंग करायचेच असेल तेव्हा पांढरा थर त्यातच उरकता येतो. सोसायटीत गच्ची सामाईक असल्याने समितीची परवानगी घ्यावी.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चिक किंवा शेडनेट लावलेली अधिक गुणकारी, कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ते परत पाठवू शकत नाही. पहाटे पारा २०-२२ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा खिडक्या उघडाव्यात आणि नऊ वाजता पुन्हा लावून घ्याव्यात. मगरपट्टा, कोरेगाव पार्क अशा भागांत रात्रीचा गारवा पाषाण किंवा शिवाजीनगरच्या मानाने कमी जाणवतो. हवामान खात्याच्या नोंदींतही तेथले किमान तापमान अनेकदा काही अंशांनी अधिक असते.

गीझर पाणी उशिरा तापवतो आणि आतून खडखड आवाज येतो. का?

कॉइलवर क्षारांचा थर बसला आहे. खडकवासल्याचे पाणी मृदू असते, परंतु वाघोली, उंड्री, पिसोळी यांसारख्या भागांत जेथे सोसायट्या बोअर आणि टँकरवर अवलंबून असतात, तेथील बेसॉल्ट खडकातले पाणी कठीण असते आणि गीझरचे आयुष्य त्यावरच ठरते. हिशेब सोपा आहे: १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.७ युनिट लागते, म्हणजे २ किलोवॅटचा गीझर ते वीस-बावीस मिनिटांत तापवतो. तुमच्याकडे याहून खूपच अधिक वेळ लागत असेल तर आत काहीतरी बिघडले आहे.

टाकी उघडून कॉइल साफ करताना मॅग्नेशियमचा रॉड अवश्य पाहावा. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. बोटाएवढ्या जाड रॉडची नुसती तार उरली असेल तर तो त्वरित बदलावा. कठीण पाण्याच्या भागात ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवावा, कारण त्याहून वर क्षार झपाट्याने धरतात. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याला बूच लावणे जीवघेणे ठरू शकते. गीझर लावताच आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडत असेल, तर तो स्विचच काढून टाकून काम भागवू नये. कॉइलला चीर पडून विजेचा प्रवाह पाण्यात उतरत असल्याची ती सूचना असते.

सौरबंबाचे पाणी पूर्वीसारखे गरम होत नाही.

काचेच्या नळ्यांचा बंब असेल तर गच्चीवर जाऊन प्रत्येक नळीचे खालचे टोक पाहावे. नळी चांगली असेल तर तेथे आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर नळीतली निर्वात पोकळी गेली आहे आणि ती नळी उष्णता धरत नाही. ती एकच बदलून काम होते. नळ्यांवरची धूळ सकाळी ऊन चढण्याआधी धुवावी. भर दुपारी रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडले तर त्या तडकतात.

सोसायटीच्या सामाईक यंत्रणेत दोष पुष्कळदा गच्चीवर नसतोच. एखाद्या फ्लॅटमधल्या मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि पुढचा शॉवर बंद राहिला, तर गार पाणी गरम पाण्याच्या पाइपमध्ये घुसते आणि त्या उभ्या पाइपवरच्या सगळ्या घरांना कोमट पाणी मिळते. प्रत्येक फ्लॅटच्या गरम पाण्याच्या जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवणे हा त्यावरचा उपाय आहे. नवीन बंब घेताना कठीण पाणी असल्यास काचेच्या नळ्यांचा प्रकार घ्यावा, कारण सपाट पॅनेलमधल्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षारांनी तुंबतात. घरात प्रेशर पंप असेल तर ते विक्रेत्यास आधीच सांगावे. पुणे महापालिका अशा यंत्रणेसाठी मिळकत करात सवलत देते, पण यंत्रणा चालू स्थितीत असावी लागते.

गॅस गीझर बाथरूममध्ये बसवला तर चालेल का?

चालणार नाही. ज्वलनाला प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद बाथरूममध्ये माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. महाराष्ट्रात यामुळे मृत्यू झालेले आहेत. गीझर बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणावा. ड्राय बाल्कनीला काचा लावून ती बंद केली असेल तर तीही मोकळी जागा राहत नाही. सिलिंडरवरून पाइप गॅसवर जाताना गीझरचे जेट (गॅस सोडणारी बारीक तोटी) अधिकृत तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावे.

हिवाळ्यात रूम हीटर घ्यावा का?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांखाली येतो, पण तो काही दिवसच. तान्हे बाळ किंवा वृद्ध घरात असतील तर तेलाचा हीटर घ्यावा, तो थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावावा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. कारण वर सांगितले तेच.

घर बदलताना किंवा जुना एसी देऊन टाकताना काय काळजी घ्यावी?

एसी काढण्याआधी मेकॅनिकला 'पंप डाउन' करायला सांगावे, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करून व्हॉल्व्ह बंद केले जातात आणि नव्या घरी तोच गॅस वापरता येतो. नळ्यांची तोंडे लगेच बंद करावीत, आत ओल शिरता कामा नये. नव्या जागी व्हॅक्युम केल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू देऊ नये. एसी भंगारात द्यायचा असल्यास नळी कापून गॅस हवेत सोडणाऱ्याला देऊ नये. २०२२च्या ई-कचरा नियमांत एसीचा समावेश असून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे किंवा नवा एसी घेताना एक्स्चेंजमध्ये तो देता येतो. एक्स्चेंज घेतानाही जुने यंत्र पुढे कोठे जाणार, ते दुकानदाराला विचारून पावतीवर लिहून घ्यावे.